मामाने वेचलेले दगड

महाराष्ट्रात खाकी कपड्यातला माणूस दिसला की त्याला 'मामा' म्हणायची पद्धत आहे. सिग्नल तोडलेला कॉलेजकुमारसुद्धा गाडीची चावी काढून घेतली की लगेच भाचा होतो. मला या सोयीचा काही उपयोग नव्हता, कारण माझा मामाच मामा होता. सख्खा. आईचा धाकटा भाऊ बबन, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त, मुक्काम कर्जतजवळ दहिवली. त्यामुळे लहानपणी 'पोलीस येईल हं' ही धमकी आमच्या घरात कुणी दिली नाही. पोलीस दर दिवाळीला येत असे आणि करंज्या खाऊन जात असे.

निवृत्तीनंतर मामाने दाराआडची काठी आणि खिशातली शिट्टी काही सोडली नाही. काठी सरकारी नव्हती, त्याची स्वतःची होती, हे तो कुणी न विचारता सांगे. तिला अधूनमधून खोबरेल पाजायचा. मामी म्हणायची, "माज्या केसांना लावाया तेल उरत नाय, आन ही भवानी बगा कशी चकाकतीया." खात्याची भाषाही त्याच्या जिभेवरून उतरली नव्हती. एकदा मांजर दूध प्यालं तर तो मला सांगतो, "सदर मांजर खिडकीतून आत शिरलं, आन दूध पिऊन अंधाराचा फायदा घेऊन पसार झालं."

"अंधार कुटला वो?" मामी आतून ओरडली. "सकाळचं धा वाजल्यात."

"पसार व्हनारा अंधाराचा फायदा घेतोच गं. तसं लिवायचं असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते फार पुढे आठवलं.

रविवारी मी बायकामुलांसह मामाकडे जेवायला जायचो. मी खोपोलीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझ्या हुकमतीखाली फक्त नटबोल्ट आहेत आणि तेही माझं ऐकतात असं नाही. पण रविवारी, समोर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी आली की माझ्यात एक जबरदस्त क्रांतिकारक जागा होई. टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या शहरातला लाठीमार चालू असायचा. चार खिडक्यांत चार तज्ज्ञ बसून एकमेकांवर शाब्दिक लाठीमार करत असायचे, तोही कमरेच्या वर. मामा आवाज बंद करून टाकायचा. त्याला चर्चेत रस नव्हता. मागे तीच तीच दृश्यं फिरवून दाखवतात, ती तो पंचाच्या नजरेने बघायचा.

"ह्यो पोटरीवर. पास. ह्यो मांडीवर, पोरगा चांगला हाय. आरं आरं, ह्यानं तर टाळक्यावर उगारली! नापास! ह्याला भरती कुनी केला रं?"

"पण मामा," मी भाकरी मोडत म्हणायचो, "लोकशाहीत निःशस्त्र माणसांवर काठी उगारायचीच कशाला?"

"तू कदी मोर्चात गेलायस?"

"प्रत्यक्ष नाही, पण तत्त्व म्हणून..."

"मंग बिरडं घे."

माझा प्रत्येक वैचारिक लढा असा भांड्यापाशी येऊन थंड व्हायचा. मग मामा त्याचं तत्त्व सांगायचा, आणि ते इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या धाकटीलाही पाठ आहे. आधी इशारा द्यायचा. भोंग्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग जमावाला जायला वाट ठेवायची, कारण जमाव पाण्यावाणी असतो, वाट दिली की जातो आणि कोंडला की अंगावर येतो. यातलं सगळं करूनही भागलं नाही तर काठी, तीही कमरेखाली.

"आन इशारा दिलाच नाय तर?" मामी विचारायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण टीव्हीवरच्या चौघांना जे सुचत नसे ते तिला फोडणी देताना सुचायचं.

"देतात. नेम हाय तसा."

"नेम तर जेवल्यावर आपलं ताट उचलायचा पन हाय. उचलता का?"

मामा आवाज परत चालू करायचा.

अख्ख्या नोकरीत आपण एकाही माणसाला काठी लावली नाही, असा मामाचा दावा होता. पुरावा म्हणून खालापूरकडची एक गोष्ट होती. तिथे एका कचेरीच्या फाटकावर गावकऱ्यांचा मोर्चा आला. लोक तापलेले. मामा फाटकाच्या आत, काठी हातात, साहेब मागे घामाघूम. दिवाळीच्या आगेमागेचे दिवस, भातं कापून शेतात आडवी पडलेली. साहेब आता हुकूम देणार तेवढ्यात मामाने त्यांच्या हातातला भोंगा घेतला आणि वर बघत ओरडला, "आभाळ भरलंय रं! कापलेल्या भातावर कुनी पेंढा तरी टाकलाय का?"

जमाव फुटला. घोषणा देणारे, फलक धरणारे, पुढारीसुद्धा, सगळे ज्याच्या त्याच्या शेताकडे. गोष्टीतला जमाव दरवर्षी वाढत असे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो एका गावाचा होता, शेवटी शेवटी निम्मा तालुका झाला होता.

"आन पाऊस आला का वो त्या दिवशी?" मामी प्रत्येक वेळी विचारायची.

"न्हाय आला."

"म्हंजी खोटं बोल्लात."

"काठीपरीस बरं ना गं?"

यावर मात्र मामी भाकरीच्या टोपलीकडे वळायची. पानात वाढायची, आणि नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त.

मामीचं माहेर कडावच्या पुढे. गावाचं नाव सांगत नाही. प्रकरण अजून चौकशीत आहे, आणि चौकशीत निजलेल्या गोष्टीला नावाने हाक मारू नये, ती जागी होते. तर त्या गावामागच्या डोंगरात खडीचा क्रशर लागला. विकास आला, आणि तो डंपरमध्ये बसून आला. गावातल्या एकुलत्या रस्त्यावरून, शाळेच्या दारासमोरून, दिवसभर डंपर. वाळत घातलेल्या पापडांवर धूळ, घरांच्या भिंतींना तडे. लोकांनी अर्ज केले. अर्जांवर योग्य ती कार्यवाही झाली, म्हणजे ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. मग एके दिवशी शाळेतून येणाऱ्या मुलीच्या सायकलवरून चाक गेलं. पोरगी बांधावर उडी मारून वाचली. ती मामीच्या भावाची नात. गावाची मागणी तरी केवढी, शाळेच्या वेळात डंपर चालवू नका. तेवढ्यासाठी बायांनी रस्त्यावर बसायचं ठरवलं, आणि मामीने दहिवलीत बसून पिशवी भरली.

"रस्ता अडवनं गुन्हा हाय," मामा म्हणाला.

"आमटी झाकून ठेवलीया. दोन दिस पुरंल."

"अगं, मी रिटायर पोलीस. माजी बायकू रस्त्यावर?"

"मंग तुमी पन चला. तुमच्यावाचून गुन्ह्याला शोभा कुटली?"

मामाने रात्रभर विचार केला असावा. सकाळी तो काठी घेऊन तिच्या आधी तयार. बायकोला अडवता येत नाही, तर निदान आंदोलन तरी नियमात बसवू, असा त्याचा हिशेब. मीही रजा टाकून गेलो. 'प्रत्यक्ष गेलायस का' या प्रश्नाचा कायमचा निकाल लावायचा होता.

आदल्या दिवशी मामाने गावाच्या खळ्यावर बायांची कवायत घेतली. असं दृश्य पुन्हा दिसायचं नाही. भात झोडायच्या खळ्यावर पदर खोचून बाया ओळीत बसलेल्या, आणि हा गावचा जावई काठी घेऊन त्यांच्यावर चाल करून येतोय.

"ओ भावजी, लाजताय काय? जोरात या की!" मामीची चुलतबहीण ओरडली.

"हसू नगा. काठी आली की पळायचं नाय, पाठ दावायची नाय. म्हाताऱ्या मागच्या वळीत. डावीकडं बांधावरनं उतरायची वाट हाय, ती मोकळी ठेवायची. आधी भोंग्यावरनं इशारा व्हईल. इशारा व्हईस्तवर गप बसून ऱ्हायचं. इशारा झाला की शिस्तीत उठायचं आन बांधावरनं खाली. इशाऱ्याआदी कुनी उठलं की गोंधळ झालाच म्हनून समजा."

"आन इशारा नाय दिला तर?" आता हा प्रश्न मामीने नाही, तिच्या बहिणीने विचारला. माहेरच्या पाण्याचाच गुण.

"तसं व्हतच नाय. माजी ग्यारंटी."

बाया हसल्या, पण जावयाची गॅरंटी म्हटल्यावर मानली. मामाने त्यांना तीन वेळा उठवलं, तीन वेळा बसवलं. तिसऱ्या खेपेला अशा काही शिस्तीत उठल्या की मामाचे डोळे भरून आले. भरती करून घेतलं असतं त्याने.

मग संध्याकाळी त्याने घमेलं घेतलं आणि रस्त्यावर सांडलेली खडी, दगड, गोटे वेचायला लागला. "कुनाच्या हाताला लागाया नको," म्हणाला. मी थोडी मदत केली, थोडी कंबर धरली. सगळे दगड त्याने देवळामागे नेऊन रचले. ढीग नुसता टाकला नाही, चौकोनी रचला, मोठे खाली आणि बारके वर. खात्यातली सवय, भोवती चुन्याची रेघही मारली. अंधार पडेपर्यंत तो त्या ढिगाकडे बघत उभा होता, माणूस नव्या घराकडे बघतो तसा.

दुसऱ्या दिवशी बाया बसल्या. पुढच्या ओळीत मामी. मामा आणि मी बाजूच्या आंब्याखाली. बंदोबस्त बाहेरून मागवलेला, ओळखीचा चेहरा एक नाही. तुकडीचा अधिकारी तरणा, कानाला फोन. फोनवर 'हो सर, लगेच सर' चाललेलं. मागे डंपरांची रांग, चालकांनी हॉर्नवर हात दाबून ठेवलेले. मामा मला समजावत होता, "आता भोंगा काडतील बग. आता..."

भोंगा काढलाच नाही. तुकडी सरळ आत शिरली, आणि शिरली ती डाव्या बाजूने, म्हणजे बांधावरून. जी वाट बायांना जायला ठेवली होती, ती पोलिसांना यायला उपयोगी पडली.

आणि बाया बसून राहिल्या. खरंच सांगतो, एकही उठली नाही. काठ्या पडत होत्या आणि त्या इशाऱ्याची वाट बघत होत्या, शिकवल्याप्रमाणे. मामी मान वळवून आंब्याकडे बघत होती, मामाकडे, आता उठू का म्हणून.

"इशारा!" मामा ओरडत धावला. "इशारा दिला नाय अजून! थांबा! इशारा राह्यला!" शिट्टी फुंकत होता, पण शिट्ट्या तर तुकडीवालेही फुंकत होते. मी त्या वेळी ठाम भूमिका घेतली. आंब्याच्या मागे घेतली.

मामीचं मनगट मोडलं. हातातला हिरवा चुडा रस्त्यावर सांडला. आदल्या संध्याकाळी इतका स्वच्छ केलेला रस्ता.

पेपरात छोटी बातमी आली. जमावाने दगडफेक केल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला, वारंवार इशारे देऊनही जमाव हटला नाही, आणि घटनास्थळाजवळ दगडांचा पद्धतशीर साठा सापडला. सोबत फोटो होता. चौकोनी ढीग, मोठे खाली, बारके वर, भोवती चुन्याची रेघ. पूर्वनियोजित कटाचा एवढा नीटनेटका पुरावा कुठल्याही खात्याला नशिबानेच मिळतो.

मामाने बातमी पुन्हा पुन्हा वाचली. प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून मामी पडली होती.

"दगड मारले म्हनत्यात," मामा म्हणाला. "एक दगड नव्हता गं रस्त्यावर. मी वेचलेते."

"तसं लिवायचं असतं," मामी म्हणाली.

त्यानंतर रविवारी मामाकडे टीव्ही लागला नाही. प्लास्टरखाली खाज सुटली की मामी विणायची सुई आत घालायची आणि विचारायची, "अवो, ह्ये सौम्य हाय, तर दुसरं कसं असतं?" मामा उठून ओट्यावर जायचा. तिथून काठीला तेल लावल्याचा वास यायचा बंद झाला होता.

बायांवर गुन्हे दाखल झाले. दगडांचा साठा करून पोलिसांवर हल्ल्याचा कट. सायकलवाल्या पोरीची आईसुद्धा त्यात. वर चौकशीही लागली, बळाचा वापर योग्य होता का याची. त्याआधी मामाच्या हाताखाली तयार झालेला एक जुना शिपाई, आता बऱ्या हुद्द्यावर असलेला, भेटायला आला. चहा घेता घेता हळूच म्हणाला, "हवालदारसाहेब, तुम्ही तिथे नव्हताच म्हणा. दगडांचं काही माहीत नाही म्हणा. उगीच तुमचं नाव कटात येईल. या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला?"

मामाने त्याला दारापर्यंत पोचवलं. शिपाई गेल्यावर मामीच म्हणाली, "खरं सांगतोय त्यो. तुमी नका बोलू. माजा हात काय परत मोडनार हाय का? आमच्या बायांचं आमी बगू."

"दगड माजे हायत गं," मामा म्हणाला. एवढंच.

चौकशीला मी बरोबर गेलो, गाडी चालवायला. मामाने कपड्यांना कडक इस्त्री केली होती, बुटात तोंड दिसत होतं. खोलीत शिरताच त्याचा हात सवयीने सलामाला वर गेला. समोरचे अधिकारी मृदू बोलणारे होते. मृदू बोलणाऱ्या अधिकाऱ्याला मामा फार घाबरायचा.

"देवळामागचे दगड कोणी जमा केले?"

"मी, सायेब."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"कुनाच्या हाताला लागू नयेत म्हनून. दोनी बाजूच्या."

"आणि चुन्याची रेघ?"

मामा जरा लाजला. "बरी दिसती म्हनून."

"तुम्ही आंदोलक महिलांना प्रशिक्षणही दिलंत असं कळतं. कसलं?"

"बसून ऱ्हायचं, सायेब."

"इशारा दिला गेला होता. अहवालात तशी नोंद आहे."

"मंग अहवालानं ऐकला आसंल. आमाला नाय ऐकू आला." मग त्याचा आवाज खाली आला. "सायेब, त्या उठनाऱ्या व्हत्या. इशाऱ्यावर तीन येळा उठून दावलंतं त्यांनी मला. मीच सांगितलंतं, इशाऱ्याबिगर उठू नका. खात्याची ग्यारंटी मी दिलीती."

बाहेर आल्यावर तो गाडीत बराच वेळ पट्टा न लावता बसला. हवालदार बबन, ज्याने मला शेजारच्या गल्लीत जातानासुद्धा पट्टा लावायला लावलाय.

साक्षीचा परिणाम झाला. दगड बायांनी जमवल्याचं कलम डगमगलं, वकील म्हणाला की बाया सुटतील. आणि आरोपींच्या यादीत एक नाव वाढलं, सर्वांत वर, सूत्रधार म्हणून. "लग्नपत्रिकेनंतर ह्यांचं नाव माज्या वर आत्ताच छापून आलं," मामी शेजारणींना सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज मुळीच पडलेला नसायचा.

मामा पहिल्या तारखेच्या आधीच गेला. झोपेत, कुठलाही इशारा न देता. आता मामी एकटी तारखांना जाते. पुकारा झाला की त्याच्या नावालाही तीच 'हजर' म्हणते, आणि कोर्टात दरवेळी गोंधळ उडतो.

पण मला तो आठवतो तो त्याआधीचा. डंपर काही थांबले नव्हते. बायांनी परत बसायचं ठरवलं, त्याच जागी. या खेपेला कवायत झाली नाही. मामा आंब्याखाली थांबला नाही. पोलिसांची ओळ उभी राहताच तो बाया आणि पोलिसांच्या मधे जाऊन उभा राहिला, शिट्टी फुंकली, आणि हाताचा भोंगा करून ओरडला, "समस्तांना इशारा देन्यात येतो! ज्याला उठायचं त्यानं डाव्या बांधावरनं उतरावं! तिकडनं कुनी येऊ नये! काठी लागलीच, तर कमरंखाली!"

नवा अधिकारी गोंधळला. "आजोबा, हे सांगणारे तुम्ही कोण?"

"कुनीतरी सांगाया पायजे ना सायेब. मागल्या बारीला राहून गेलं."

ओळीतल्या एका पोरसवदा शिपायाने हसू दाबायला मान खाली घातली. बायांमधली एकही उठली नाही. मामीने वाकडं जुळलेलं मनगट जमिनीवर आपटून शेजारची जागा दाखवली. मामा इस्त्रीच्या कपड्यांनिशी, बुटांसकट, तिच्या बाजूला डांबरावर मांडी घालून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूने तो पोलिसांकडे बघत होता.

बसताना त्याला काहीतरी टोचलं. त्याने हात खाली घालून एक खडा काढला, डंपरमधून सांडलेला. सवयीने बाजूला टाकायला हात उचलला. तेवढ्यात समोरच्या खाकी ओळीकडे त्याची नजर गेली, आणि हात तसाच हवेत थांबला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खडा ठेवावा अशी जागा त्याला कुठे दिसली नाही. मग त्याने तो शर्टाला पुसला, शिट्टीच्या खिशात टाकला, आणि वरून खिशाचं बटण लावलं.